व्हिडिओ गेम कन्सोलच्या जाहिराती आणि लक्ष्य ग्राहकवर्ग

व्हिडिओ गेम कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून किंवा हातात धरून खेळ खेळण्यासाठी बनवलेले खास संगणकीय उपकरण होय. एखादे उपकरण कोणासाठी आहे हे त्याच्या यंत्ररचनेवरून क्वचितच ठरते. ते मुलांचे खेळणे मानायचे, तरुणांच्या चैनीची वस्तू मानायचे की साऱ्या घराची करमणूक मानायची, हे बव्हंशी उत्पादकाने निवडलेली विक्रीची जागा, उपकरणाचे नाव, त्याचे रूप आणि प्रामुख्याने त्याची जाहिरात यांवरून ठरत आले आहे. ज्या वर्गाला नजरेसमोर ठेवून जाहिरात केली जाते त्याला विपणनशास्त्रात लक्ष्य ग्राहकवर्ग म्हणतात. कन्सोलच्या इतिहासात हा वर्ग गेल्या पाच दशकांत अनेकदा बदलला. व्हिडिओ गेम हा मूलतः मुलग्यांचा छंद आहे, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत या उद्योगाच्या जन्मापासूनची नाही. ती मुख्यतः १९८५ ते १९९५ या दशकात अमेरिकेतील विक्रीनीतीतून घट्ट झाली.

व्यवसायाचे स्वरूप

कन्सोलचा व्यवहार इतर विद्युत उपकरणांसारखा नसतो. धुलाई यंत्र विकले की उत्पादकाचा नफा त्या विक्रीतच येतो. कन्सोल मात्र पुष्कळदा अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकला जातो. खरी कमाई त्यावर चालणाऱ्या खेळांच्या विक्रीतून आणि इतर कंपन्यांनी त्यासाठी खेळ बनवले तर त्यांच्याकडून मिळणाऱ्या परवाना शुल्कातून होते. यामुळे कंपनीला एकदा खरेदी करून थांबणारा ग्राहक नको असतो, वर्षानुवर्षे खेळ घेत राहणारा हवा असतो. असा ग्राहक कोठे सापडेल याचा अंदाज बांधून कंपनी जाहिरातीचा पैसा तिकडे वळवते. त्या वर्गात विक्री वाढली की पुढचे खेळही त्याच वर्गाच्या आवडीचे बनतात, आणि त्या खेळांच्या जाहिराती पुन्हा त्याच वर्गाला उद्देशून केल्या जातात. अशा रीतीने प्रारंभीचा अंदाज स्वतःच स्वतःला खरा ठरवत जातो.

या जाहिरातींना आणखी एक अडचण असते. वापरणारा आणि पैसे देणारा हे पुष्कळदा निरनिराळे असतात. मुलाने हट्ट धरावा आणि पालकाने नाही म्हणू नये, अशी दुहेरी योजना जाहिरातीत करावी लागते. अमेरिकेत नाताळच्या आधीचे काही आठवडे विक्रीचा मुख्य हंगाम असल्याने हे दुहेरी संबोधन तेथील जाहिरातींत विशेष दिसते.

कौटुंबिक करमणूक : १९७२ ते १९८३

राल्फ बेअर यांच्या संशोधनावर आधारलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती कन्सोल १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. दिवाणखान्यात दूरचित्रवाणीभोवती बसलेले कुटुंब ही त्याच्या प्रचाराची मध्यवर्ती प्रतिमा होती. हा कन्सोल मॅग्नावॉक्सच्या विक्रेत्यांकडेच मिळे. त्यामुळे तो केवळ त्याच कंपनीच्या दूरचित्रवाणी संचाला जोडता येतो असा अनेक ग्राहकांचा समज झाला. वस्तू कोठे विकली जाते हीसुद्धा एक जाहिरातच असते, याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

१९७५ च्या नाताळात अटारी कंपनीचा घरगुती 'पाँग' हा खेळ सीअर्स या दुकानसाखळीने विकला, तोही क्रीडासाहित्य विभागातून. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, अटारीचा व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टम आला. पुढे तो अटारी २६०० या नावाने प्रसिद्ध झाला. १९७८ च्या मोहिमेत अटारीने 'आज रात्री दूरचित्रवाणी पाहू नका, खेळा' अशा अर्थाचे घोषवाक्य वापरले आणि पेले, करीम अब्दुल-जब्बार यांच्यासारखे खेळाडू पडद्यावर आणले. त्यानंतरच्या जाहिरातींत आईवडील, आजीआजोबा, मुली आणि मुलगे असे सर्वच जण खेळताना दिसतात. त्या काळच्या जाहिराती आज पाहिल्या तर त्यांतील स्त्रियांची सहज उपस्थिती चटकन नजरेत भरते. याच सुमारास जपानमध्ये तोरू इवातानी यांनी स्त्रियांनाही खेळघरांकडे आकर्षित करण्याच्या हेतूने 'पॅक-मॅन' (१९८०) रचला होता.

वयाने मोठ्या आणि चोखंदळ ग्राहकाला गाठण्याचा प्रयत्न मॅटेल कंपनीने केला. तिच्या इंटेलिव्हिजन या कन्सोलच्या जाहिरातींत लेखक जॉर्ज प्लिम्प्टन दोन पडद्यांवरील खेळ शेजारीशेजारी दाखवून अटारीपेक्षा आपली चित्रे किती सरस आहेत हे गंभीर मुद्रेने पटवून देत. प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन तुलना करण्याची प्रथा कन्सोलच्या जाहिरातींत येथून सुरू झाली.

१९८३ मध्ये अमेरिकेतील हा बाजार कोसळला. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट, गरजेपेक्षा कितीतरी अधिक उत्पादन आणि स्वस्त घरगुती संगणकांची स्पर्धा ही त्याची प्रमुख कारणे होत. सुमारे ३.२ अब्ज डॉलरची वार्षिक उलाढाल १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली असे सांगितले जाते. अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ मध्ये तो उकरून काढण्यात आला, तेव्हा दंतकथा वाटणारी ही हकीकत खरी ठरली.

खेळण्यांच्या दुकानात प्रवेश

निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आपला कन्सोल आणला. त्याचे नाव होते फॅमिली कॉम्प्युटर, लोकांच्या तोंडी फॅमिकॉम. नावातच कुटुंब होते. अमेरिकेत मात्र पोळलेले दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्दही ऐकायला तयार नव्हते. म्हणून निन्टेन्डोने यंत्राचे रूप आणि नाव दोन्ही बदलले. एंटरटेनमेंट सिस्टम या नावाने आलेला हा संच व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसारखा दिसे आणि खेळाची कॅसेट त्यात समोरून घालावी लागे. सोबत आर.ओ.बी. नावाचा छोटा यंत्रमानव आणि प्रकाशावर चालणारी बंदूक दिली जाई. यंत्रमानवाचा खेळात फारसा उपयोग नव्हता. हे खेळणे आहे, व्हिडिओ गेम नव्हे, असे दुकानदाराला पटवणे हेच त्याचे काम होते आणि ते त्याने चोख बजावले. १९८५ च्या अखेरीस न्यू यॉर्कमध्ये, न खपलेला माल परत घेण्याच्या अटीवर, विक्रीचा प्रयोग झाला आणि पुढील वर्षी तो संच देशभर पोहोचला.

या यशाची एक बाजू त्या वेळी कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. अमेरिकेतील खेळण्यांची दुकाने मुलांचे आणि मुलींचे असे दोन स्वतंत्र भाग करून मांडलेली होती. बाहुल्या व स्वयंपाकघराचे संच एकीकडे, तर मोटारी, यंत्रमानव आणि बंदुका दुसरीकडे. कन्सोल खेळण्यांत आला की त्याला या दोहोंपैकी एक जागा घेणे भाग होते. यंत्रमानव आणि बंदूक घेऊन आलेल्या संचाची जागा कोणती, हे सांगण्याची गरज नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरील बंधने उठवली होती. त्यामुळे शनिवारी सकाळच्या व्यंगपटांच्या मध्ये खेळण्यांच्या जाहिरातींचा मारा करणे शक्य झाले होते आणि त्याच प्रवाहात निन्टेन्डोची जाहिरातही शिरली. १९८८ मध्ये कंपनीने स्वतःचे 'निन्टेन्डो पॉवर' हे मासिक काढले. खेळातील अडचणी सोडवून देणारे हे मासिक वाचकाला मार्गदर्शन वाटे. वस्तुतः ते वर्गणी देऊन वाचली जाणारी जाहिरात होती.

सेगा आणि निन्टेन्डो यांची स्पर्धा

सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल १९८९ मध्ये अमेरिकेत जेनेसिस या नावाने आला. मुलांचा बाजार निन्टेन्डोच्या ताब्यात असल्याने सेगाने त्या मुलांच्या थोरल्या भावाकडे मोर्चा वळवला. 'जेनेसिस डझ व्हॉट निन्टेन्डोन्ट' या घोषवाक्यात प्रतिस्पर्ध्याच्या नावातच नकार बसवण्याची शाब्दिक करामत होती. जो मोंटाना यांच्यासारखे खेळाडू आणि गायक मायकेल जॅक्सन यांच्या नावाचे खेळ काढण्यात आले.

१९९० मध्ये टॉम कॅलिन्स्की अमेरिकेतील सेगाचे प्रमुख झाले. त्याआधी ते मॅटेलमध्ये बार्बी बाहुलीच्या व्यवसायाशी संबंधित होते. वयानुसार आणि स्वभावानुसार ग्राहक कसा विभागावा हे त्यांना अवगत होते. किंमत उतरवणे, 'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) हा खेळ संचासोबतच देणे आणि प्रतिस्पर्ध्याची उघड थट्टा करणे ही त्यांच्या धोरणाची अंगे होती. एका जाहिरातीत शर्यतीच्या वेगवान मोटारीवर जेनेसिस बांधलेला आणि जुनाट खटाऱ्यावर निन्टेन्डोचा संच बांधलेला दाखवला आहे. 'ब्लास्ट प्रोसेसिंग' हा त्या जाहिरातीतील शब्द तांत्रिक वाटला तरी सामान्य ग्राहकाला त्यातून नेमके काहीच कळत नसे. तो मुळात कळण्यासाठी योजलेलाही नव्हता. तुकड्यातुकड्यांनी झपाट्याने बदलणारी दृश्ये आणि शेवटी कंपनीच्या नावाची किंकाळी, ही सेगाच्या जाहिरातींची ओळख बनली. निन्टेन्डो खेळणारा तो बावळट आणि सेगा खेळणारा तो जाणता, एवढाच त्यांचा आशय होता. येथे जाहिरात वस्तूचे वर्णन करणे जवळजवळ सोडून देते आणि खेळणारा कोण आहे हे सांगू लागते.

या विभागणीची कसोटी 'मॉर्टल काँबॅट' या मारामारीच्या खेळाने लागली. १३ सप्टेंबर १९९३ रोजी तो दोन्ही कन्सोलांवर एकाच दिवशी आला. निन्टेन्डोच्या आवृत्तीत रक्ताऐवजी करड्या रंगाचा घाम दाखवला होता. सेगाच्या आवृत्तीत कळा ठरावीक क्रमाने दाबल्या की रक्त दिसे. सेगाची आवृत्ती अधिक खपली. त्याच वर्षी डिसेंबरात जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांच्या पुढाकाराने व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली. सेगाची बाजू अशी होती की आपले सर्व ग्राहक लहान मुले नाहीत, प्रौढही आहेत. ज्या जाहिराती कोवळ्या वयातील मुले रोज पाहत होती त्यांच्याकडे पाहता हा युक्तिवाद अनेकांना पटला नाही. तरी त्यातून एक गोष्ट निष्पन्न झाली. १९९४ मध्ये खेळांचे वयानुसार वर्गीकरण करणारे ईएसआरबी हे उद्योगाचे मंडळ अमेरिकेत स्थापन झाले आणि लक्ष्य ग्राहकाचे वय आता वेष्टनावरच छापले जाऊ लागले. निन्टेन्डोनेही त्या वर्षी 'प्ले इट लाउड' या बंडखोर सुराच्या मोहिमेचा अवलंब केला आणि 'मॉर्टल काँबॅट'चा दुसरा भाग रक्तासह विकला.

स्त्री खेळाडूंचे प्रमाण

या स्पर्धेचा परिणाम एका आकडेवारीत दिसतो. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने १९९५ मध्ये जाहीर केल्यानुसार गेम बॉय या हातात धरण्याच्या कन्सोलच्या खेळाडूंत ४६ टक्के स्त्रिया होत्या. कंपनीच्या पहिल्या घरगुती कन्सोलच्या बाबतीत हे प्रमाण २९ टक्के होते, तर त्यानंतरच्या, सेगाशी झुंजणाऱ्या सुपर निन्टेन्डोच्या बाबतीत अवघे १४ टक्के. आकडे कंपनीनेच दिलेले असल्याने ते जपून वापरायला हवेत, पण त्यांतील तफावत दुर्लक्षण्याजोगी नाही.

विरोधाभास असा की उपकरणाच्या नावात 'बॉय' हा शब्द होता. मात्र १९८९ मध्ये अमेरिकेत तो 'टेट्रिस' या खेळासोबत विकला गेला. टेट्रिसमध्ये नायक नाही, शत्रू नाही, वय नाही. प्रवासात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत तो मोठ्यांच्याही हाती दिसू लागला. १९९१ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांचे रुग्णालयात गेम बॉय खेळतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. या प्रसाराचे श्रेय जाहिरातीला किती आणि टेट्रिसला किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

प्लेस्टेशन आणि तरुण प्रौढ

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आणि सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिका व युरोपात आला. निन्टेन्डो आणि सेगा खेळत वाढलेली पिढी आता विशीत होती आणि तिच्या हाती स्वतःचा पैसा होता. सोनीने तिलाच साद घातली. अमेरिकेत एका जाहिरातीत कंपनीचा बोधप्राणी क्रॅश बँडिकूट याच्या वेषातील माणूस निन्टेन्डोच्या मुख्यालयासमोर उभा राहून कर्ण्यातून आव्हान देतो. ब्रिटनमध्ये निराळा मार्ग निवडला गेला. रात्रीच्या नृत्यगृहांत कन्सोल मांडण्यात आले. 'वाइपआउट' या खेळाच्या युरोपीय आवृत्तीत केमिकल ब्रदर्स, ऑर्बिटल, लेफ्टफील्ड या त्या वेळच्या लोकप्रिय संगीतसमूहांच्या रचना वापरण्यात आल्या. १९९९ च्या 'डबल लाइफ' या ब्रिटिश जाहिरातीत खेळाचे एकही दृश्य नाही. निरनिराळ्या वयांचे आणि थरांतील लोक एकेक वाक्य बोलून आपण दिवसा साधे जीवन जगतो आणि रात्री साम्राज्ये जिंकतो असे सांगतात, इतकेच त्यात आहे. व्हिडिओ गेम खेळणे प्रौढ माणसालाही शोभते, हे या जाहिरातींनी पश्चिमेत रुजवले. प्लेस्टेशनची जागतिक विक्री १० कोटींच्या पुढे गेली.

जपानमध्ये सेगाने याच काळात स्वतःचीच चेष्टा करण्याचा प्रयोग केला. ड्रीमकास्टच्या १९९८ मधील जाहिरातीत सेगापेक्षा प्लेस्टेशन बरा असे मुलांचे बोलणे कंपनीचे संचालक हिदेकाझू युकावा यांच्या कानी पडते आणि ते खचून जातात. जाहिरात गाजली. कन्सोल मात्र २००१ मध्ये बंद करावा लागला. लोकांना जाहिरात आवडणे आणि त्यांनी वस्तू घेणे यांतील अंतर त्यातून दिसते.

वी आणि वी यू

निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी खेळणाऱ्यांची एकूण संख्या वाढवणे हे कंपनीचे उद्दिष्ट ठरवले. निन्टेन्डो डीएसवरील मेंदूच्या व्यायामाच्या खेळांसाठी युरोपात २००७ मध्ये अभिनेत्री निकोल किडमन यांची जाहिरात करण्यात आली. २००६ मधील वी या कन्सोलच्या अमेरिकी जाहिरातींत दोन जपानी गृहस्थ घरोघरी जाऊन, वाकून नमस्कार करून, 'आम्हाला खेळायला आवडेल' असे म्हणतात आणि त्या घरचे लहानथोर दिवाणखान्यात उभे राहून टेनिस खेळू लागतात. कॅमेरा पडद्याकडे कमी आणि खेळणाऱ्या माणसांकडे अधिक वळलेला आहे. वृद्धाश्रमांत वीवर बोलिंगच्या स्पर्धा होऊ लागल्या. वीची विक्री १० कोटींहून अधिक झाली. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० हे दोन्ही प्रतिस्पर्धी त्याहून मागे राहिले. १९७८ साली अटारीच्या जाहिरातींत असलेले कुटुंब जवळपास तीस वर्षांनी पडद्यासमोर परतले, असे याचे वर्णन करता येईल.

त्यानंतरचा वी यू (२०१२) हा याच कंपनीचा कन्सोल केवळ सुमारे १.३५ कोटी इतकाच खपला. नाव जुन्याशी मिळतेजुळते आणि जाहिरातीत भर नव्या हातपडद्यावर. त्यामुळे हे जुन्या वीचे उपांग आहे की स्वतंत्र यंत्र, हेच अनेकांना उमगले नाही. वीसाठी मिळवलेला घरगुती ग्राहक तोवर भ्रमणध्वनीवरील खेळांकडे गेला होता. २०१७ मधील स्विचच्या पहिल्या चित्रफितीत बहुतांश तरुण प्रौढ दिसतात. ते विमानात, उद्यानात, गच्चीवरील मेजवानीत तोच खेळ पुढे चालू ठेवतात. हे यंत्र काय करते, हे ती चित्रफीत एकही शब्द न बोलता सांगते.

अभ्यास आणि मतभेद

स्टीफन क्लाइन, निक डायर-विदरफर्ड आणि ग्रेग द प्यूटर यांच्या 'डिजिटल प्ले' (२००३) या ग्रंथात व्हिडिओ गेमकडे तंत्रज्ञान, संस्कृती आणि विपणन या तीन परस्परांत गुंतलेल्या चक्रांचा परिणाम म्हणून पाहिले आहे. कार्ली कोकुरेक यांनी 'कॉइन-ऑपरेटेड अमेरिकन्स' (२०१५) मध्ये खेळघरांच्या काळातच मुलगा-खेळाडूची प्रतिमा कशी आकाराला येत होती हे दाखवले. म्हणजे सारा दोष खेळण्यांच्या दुकानाच्या मांडणीवर टाकता येत नाही. ग्रॅम कर्कपॅट्रिक यांनी ब्रिटनमधील जुन्या खेळविषयक मासिकांच्या अभ्यासातून खेळाडू ही ओळख मासिकांच्या भाषेत हळूहळू घडत गेल्याचे मांडले आहे.

जाहिरात ग्राहकवर्ग निर्माण करते की असलेला ग्राहकवर्ग फक्त शोधते, हा जुना वाद येथेही आहे. मुलगे आधीपासूनच अधिक खेळत होते आणि कंपन्यांनी तेवढेच ओळखले, असे म्हणणाऱ्यांना गेम बॉय आणि वी यांच्या यशाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. उलट सर्व श्रेय जाहिरातीला देणाऱ्यांना ड्रीमकास्ट आणि वी यू यांचे अपयश समजावून सांगावे लागते. अमेरिकेत आता व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत. या संख्येत भ्रमणध्वनीवर खेळणाऱ्यांचाही समावेश असतो, हे मात्र ती वाचताना विसरता कामा नये.

भारत

भारतात कन्सोलचा प्रसार निराळ्या रीतीने झाला. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत जो 'टीव्ही गेम' घरोघरी आला, तो बहुधा फॅमिकॉमची नक्कल असलेला स्वस्त संच होता. त्याच्या कार्ट्रिजला सर्रास कॅसेट म्हटले जाई आणि तिच्यावर लाखांच्या संख्येत खेळ असल्याचा दावा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजके खेळ पुन्हापुन्हा येत. मूळ कंपनीची जाहिरात येथे जवळजवळ नव्हतीच. दुकानाची काच आणि शेजारच्या घरातील संच, हीच जाहिरात.

मोठ्या प्रमाणावरील प्रचार एक्सबॉक्स ३६० पासून दिसतो. सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या या कन्सोलसाठी मायक्रोसॉफ्टने अभिनेता अक्षय कुमार आणि क्रिकेटपटू युवराज सिंग यांची निवड केली. कोडमास्टर्स कंपनीचा क्रिकेटचा खेळ इतरत्र 'ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७', ऑस्ट्रेलियात 'रिकी पाँटिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' आणि भारतात 'युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' या नावांनी विकला गेला. खेळ एकच होता, वेष्टनावरील चेहरा देशागणिक बदलला होता. सोनीच्या प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि कबड्डी, विटीदांडू, गोट्या, पतंग यांवर आधारित 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया' हे भारतात बनलेले खेळ बाजारात आले.